दोन वाजेपर्यंतचा माणूस

छाया ढगेला त्या घराचा पत्ता तिच्या नवऱ्यानेच सांगितला होता. एकदम नाही, रोज जेवताना थोडा थोडा.

श्रीरंग ढगे त्या घराच्या फाटकावर वॉचमन होता. घर महापालिकेचं. प्लेगच्या साली सुरतेत उधन्याच्या बाजूला, खाडीच्या अलीकडे, एक तात्पुरता दवाखाना काढला होता. साथ गेली, दवाखाना पक्क्या इमारतीत हलला, आणि मागे चार खोल्या, एक ओटा आणि बदामाचं झाड उरलं. ती जागा सरलाबाईंच्या महिला मंडळाने मागून घेतली. सरलाबाई महापालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण होत्या. नवऱ्याच्या मारामुळे घर सोडलेल्या बाईला निदान सहा महिने डोकं टेकायला जागा हवी, पुढचं पुढे, असं त्यांचं म्हणणं होतं. महापालिकेने जागा दिली, नळ दिला, वीज दिली, दोन वॉचमन दिले. दवाखान्याची पाटी तेवढी काढायची राहिली. लोक त्या घराला प्लेगचा दवाखानाच म्हणत, आणि बरेचसे नवरे फाटकापर्यंत येऊन पुढे यायला आपणहून कचरत. सरलाबाईंनी त्यामुळे पाटीबद्दल पुन्हा अर्ज केला नाही.

श्रीरंग मूळचा परभणीकडचा. सुरतेत आधी कापडाच्या लूमवर होता, मग महापालिकेत लागला. कतारगामला पाण्याच्या टाकीमागे कर्मचाऱ्यांच्या खोल्या होत्या, त्यात त्याला एक मिळाली होती. सकाळी सहा ते दुपारी दोन अशी ड्यूटी करून तो घरी येई. रात्री ताटावर बसला की आज फाटकावर कोण आलं ते सांगे. सांगायचा छान.

"आज एक जण आला," तो म्हणे, "डोळे लाल. म्हणतो, माझी बायको द्या. मी म्हणलं, भाऊ, आधी घरी जा, आंघोळ कर, दोन घास खा. बायकोवर हात टाकून माणूस मोठा होत नसतो. रडायलाच लागला गडी."

छाया ऐकून घेई. आत गेलेल्या बाईला पहिल्या दिवशी कुणी काही विचारत नाही, हे तिला असंच कळलं होतं. लेकराला शाळेत घालतात, कुणाच्याही नवऱ्याला ओट्यापर्यंत येऊ देत नाहीत आणि येणाऱ्या बाईला फाटकावर फक्त नाव-गाव विचारतात, हेही कळलं होतं.

श्रीरंग तिला मारी त्याला दिवस ठरलेला नव्हता. भाजीत पाणी जास्त झालं, शेजारच्या बाईशी दारात बोलली, वाटेत कुणी त्याला उलट बोललं, कोणतंही कारण चाले. मग तो कमरेचा पट्टा काढी. पट्टा महापालिकेचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पट्टा घालून तो ड्यूटीवर जाई, आणि जाताना म्हणे, "मला राग आवरत नाही, तुला माहीत आहे ना. मग कामून चिडवतेस?" छायालाही वाटे की त्याला राग आवरत नसावा. लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं एक तिने त्याच्याबद्दल मानून घेतलं होतं. एखाद्याला कमी ऐकू येतं, तसं याला राग आवरत नाही.

त्या संध्याकाळी दिपाली मध्ये पडली. दिपाली त्यांची मुलगी, सहावीत. तिने आईला मागे ढकललं आणि स्वतः समोर उभी राहिली. श्रीरंगने तिला बाजूला सारलं. सारलं म्हणजे हनुवटी दाराच्या चौकटीवर आपटली आणि रक्त आलं. श्रीरंग थांबला. त्याने हळद आणून दिली, मग खाटेवर पालथा झोपला.

छायाने हळद दाबून धरली. दिपाली रडली नाही. गुजरातीत एवढंच म्हणाली, "मम्मी, हवे बस." म्हणजे आता पुरे. ती चिडली की गुजरातीत बोले.

सकाळी श्रीरंग नेहमीसारखा गेला. छायाने भांडी घासली, केर काढला, ओले कपडे दोरीवर टाकले, दोन पिशव्या भरल्या. एवढं सगळं कशाला केलं, असं तिला नंतर त्या घरातल्या सुंदराने विचारलं, तेव्हा ती म्हणाली की खरकटी भांडी टाकून जायला कसंतरी वाटलं. मग मायलेकी शटल रिक्षाने उधन्याला निघाल्या. घर शोधावं लागलं नाही.

श्रीरंग फाटकाजवळच्या बाकावर बसला होता. बायको समोर दिसताच त्याने तिच्या हातातल्या पिशव्यांकडे पाहिलं.

"डबा आणलास?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"आत जायचंय."

श्रीरंगने मागे वळून घराकडे पाहिलं, जणू आत काही कार्यक्रम असावा. मग त्याचं लक्ष दिपालीच्या हनुवटीकडे गेलं आणि तो उठून उभा राहिला.

"घरी जा," तो हळू आवाजात म्हणाला. "दोन वाजता आलो की बोलू."

"तुम्ही सगळ्या बायांना नाव विचारता ना. मला विचारा."

"छाया, लोक बघायलेत."

"छाया श्रीरंग ढगे," छाया म्हणाली. "राहणार कतारगाम, पाण्याच्या टाकीमागे. सोबत मुलगी आहे."

तेवढ्यात सरलाबाई ओट्यावर आल्या. लांबून त्यांना चष्म्याशिवाय नीट दिसत नसे.

"श्रीरंग, कोण आलंय रे?"

श्रीरंगने फाटकाचा गज धरला होता. त्याला काहीही सांगता आलं असतं. चुकून आलीय, माझ्याकडे आलीय, डबा घेऊन आलीय, काहीही. पण फाटकावर असताना सरलाबाईंनी विचारलं की खरं सांगायचं, ही त्याला इतक्या दिवसांची सवय होती.

"बाई आहे, बाई," तो म्हणाला. "लेकरू आहे सोबत."

"मग उघड की."

श्रीरंगने फाटक उघडलं. छाया आणि दिपाली आत गेल्या. त्यांच्यामागे त्याने कडी लावली, तीही नेहमीसारखी, आणि मग तसाच कडीवर हात ठेवून उभा राहिला.

आत पहिल्या दिवशी खरंच कुणी काही विचारलं नाही. सुंदरा नावाच्या बाईने चहा दिला आणि दिपालीला आपल्या मुलीशेजारी, सोनालीशेजारी, बसवलं. सुंदरा अमळनेरकडची. तिचा नवरा धुडकू उधन्यातच लूमवर होता. घरात चार बायका होत्या, त्यांतली ती सगळ्यात जुनी, म्हणजे तीन महिन्यांची. पिशव्या कोपऱ्यात लावता लावता छायाने आपण होऊन तिला सांगितलं की फाटकावर आहे तो माझा नवरा. सुंदराने पिशवी खाली ठेवली.

"तो बाकवरला?"

"हो."

"तो तर देवमाणूस शे वं," सुंदरा म्हणाली. मग सरलाबाईंना सांगायला गेली.

सरलाबाईंनी चष्मा लावला आणि फाटकापाशी आल्या. श्रीरंग सरळ उभा राहिला.

"श्रीरंग, कुणाचा नवरा इथे आला तर तू काय करतोस?"

"फाटकाबाहेर थांबवतो."

"आणि त्याने ऐकलं नाही तर?"

"तुम्हाला हाक मारतो. नाही तर चौकीवर निरोप देतो."

"मग तसंच करायचं," सरलाबाई म्हणाल्या. "आतली कडी आजपासून आमच्याकडे. तिला कुलूप घालू, किल्ली सुंदराकडे राहील. तू बाहेरून राखण कर."

श्रीरंग म्हणाला, "बाई, घरचा मामला आहे."

"इथे येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, असं तूच मला सांगितलं होतंस."

श्रीरंगने फाटकावरचा हात काढला. दोन वाजेपर्यंत तो बाकावर बसून राहिला. त्या वेळात एक भाजीवाली आली आणि एक मीटर वाचणारा आला. दोघांना त्याने नीट वागवलं.

दोन वाजता रामदास आला. रामदास दुसऱ्या पाळीचा वॉचमन, धुळ्याकडचा, वयाने लहान. काम त्याला श्रीरंगने शिकवलं होतं. श्रीरंगने टोपी काढून खिशात घातली, रस्त्यापर्यंत गेला, वळला आणि परत येऊन फाटकावर थापा मारू लागला.

"छाया, बाहेर ये. ऐकू येतंय का? बाहेर ये म्हणतो."

रामदास गोंधळला. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग पुढे झाला.

"श्रीरंगभाऊ, आत जाता येत नाही."

"मला सांगतोस?"

"तुम्हीच शिकवलं मला. आधी हात जोडायचे, मग घरी जायला सांगायचं." रामदासने हात जोडले. "घरी जा, भाऊ. आंघोळ करा. दोन घास खा."

श्रीरंगने त्याला आईवरून शिवी दिली, फाटकाला लाथ मारली आणि बराच वेळ ओरडला. आतल्या खोलीत छाया भिंतीला पाठ लावून बसली होती. तिला तो आवाज ओळखीचा होता. अडचण एवढीच होती की सकाळपासून फाटकावरून त्याचाच दुसरा आवाज येत होता, ताटावर गोष्टी सांगतानाचा, आणि तोही ओळखीचाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीरंग वेळेवर ड्यूटीवर आला. फाटक वाकलं होतं, ते त्याने दगडाने ठोकून सरळ केलं.

तीन दिवस असंच चाललं, तेव्हा सरलाबाई महापालिकेच्या झोन ऑफिसात तिथले अधिकारी वशीसाहेब यांच्याकडे गेल्या. वशीसाहेब बोलायला मऊ आणि नियमाला कडक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सरलाबाईंना पाणी दिलं आणि विचारलं, "बेन, त्याने तुमची बाई आत येऊ दिली नाही का?"

"दिली. त्यानेच फाटक उघडलं."

"ड्यूटीवर असताना त्याने शिवीगाळ केली?"

"ड्यूटीवर नाही. सुटल्यावर करतो. रोज."

"सुटल्यावर तो आमचा माणूस नाही," वशीसाहेब म्हणाले. "तो तुमच्याकडे येणारा एक नवरा आहे. त्याला अडवायला आम्ही रामदास दिलाय. आणि ड्यूटीवर असताना तो नवरा नाही. तेव्हा त्याची बदली करायची तर दोष कोणता लावू? उलट शेरा चांगला द्यावा लागेल. आणि हा गेला तर त्या जागेवर दुसरा केव्हा मिळेल, सांगता येत नाही."

सरलाबाईंनी जन्मभर व्याकरण शिकवलं होतं. या बोलण्यात चूक काढायचा त्यांनी प्रयत्न केला, पण रिक्षात बसेपर्यंत ती सापडली नाही. वॉचमन नसलेलं घर आणि हा वॉचमन असलेलं घर, यांत कमी वाईट कोणतं ते त्यांना ठरवायचं होतं. घरी आल्यावर त्यांनी छायालाच विचारलं.

छायाने विचार करून सांगितलं, "राहू द्या. दोनपर्यंत ते काही करत नाहीत."

असं ते सुरू झालं. सकाळी श्रीरंग घराची राखण करी, दुपारी रामदास श्रीरंगपासून घराची राखण करी. दुपारचं ओरडणं पहिले काही दिवस जोरात होतं, मग कमी झालं, मग कधी कधी चुकू लागलं. दिपालीचं नाव जवळच्या मराठी शाळेत घातलं. ती सकाळी निघाली की सुंदरा आतून कडी काढी आणि श्रीरंग बाहेरून फाटक ओढून धरी. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "दिपा, मी सोडतो शाळेपर्यंत."

"तुम्ही ड्यूटीवर आहात, पप्पा," दिपाली म्हणाली आणि सोनालीचा हात धरून निघाली. सरलाबाईंनी दवाखान्यात नेऊन तिच्या हनुवटीला टाके घालून आणले होते, त्यावर पट्टी होती. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत श्रीरंग फाटक धरूनच उभा होता. रात्री दिपाली आईला म्हणाली की पप्पांनी दाढी केली नव्हती. मग थोड्या वेळाने म्हणाली की त्यांना स्वयंपाक येत नाही. छायाने तिला जवळ घेतलं. या दोन्ही गोष्टी तिच्याही लक्षात आल्या होत्या.

सुंदराने छायाला साडीला लेस लावायचं काम शिकवलं. माल उधन्याच्या एका दुकानातून येई, ओट्यावर बसून बायका तो पुरा करत. ओट्यावरून फाटक आणि बाक सरळ दिसे. त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदाच छायाला नवरा कामावर कसा असतो हे पाहायला मिळालं. तो लक्ष देऊन काम करी. फाटकाशी आलेल्या म्हाताऱ्याला पाणी देई. नवीन आलेली एक बाई फाटकावर घाबरून रडू लागली, तेव्हा तो दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "ताई, मी इथं उभा राहतो, तू आपली आत जा. तुला कुणी हात लावणार नाही." छायाने सुई थांबवली. असं तिच्याशी तो कधी बोलल्याचं तिला आठवेना.

मग एके दिवशी सकाळी धुडकू आला. तो रात्रपाळी करून, वर पिऊन आला होता. गुजरातेत दारूबंदी असली तरी दमणवरून येणारी उधन्यात कुठे मिळते ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने फाटकाबाहेरून सुंदराला हाका मारल्या, मग श्रीरंगकडे वळला.

"तू कोण रे मला अडवणारा? तुझी बाई पण आतच आहे. साऱ्या उधन्याला माहीत आहे."

ओट्यावरच्या बायकांचे हात थांबले. श्रीरंग बाकावरून उठला.

"भाऊ, घरी जा," तो म्हणाला.

"स्वतःची बायको सांभाळता आली नाही आणि दुसऱ्यांना शहाणपण शिकवतो. नामर्द."

"घरी जा, भाऊ. आंघोळ कर."

धुडकूने त्याच्या कॉलरला हात घातला. टोपी खाली पडली. मग त्याने फाडकन श्रीरंगच्या मुस्काटात मारली. छाया उभी राहिली. पुढे काय होणार ते तिला नक्की माहीत होतं. श्रीरंगचा उजवा हात कमरेच्या पट्ट्याकडे जाईल. आधी बक्कल, मग तो आवाज.

श्रीरंगने दोन्ही हात जोडले.

"मारून झालं असेल तर बस इथं," तो म्हणाला. "पाणी देतो."

धुडकूने आणखी एक मारली, तीही बरीच जोरात. श्रीरंगचे हात जोडलेलेच राहिले. मग धुडकू दमला आणि बाकावर बसला, आणि श्रीरंगने त्याला तांब्यातून पाणी दिलं.

"चल, दोघं मिळून फाटक तोडू," धुडकू पाणी पिऊन म्हणाला. "माझी पण आत आहे, तुझी पण आत आहे."

"ड्यूटीवर आहे मी."

"सुटतोस केव्हा?"

"दोनला."

धुडकूने आपण दोनला येतो असं सांगितलं आणि गेला. दोनला तो आला नाही, झोपला असावा. श्रीरंगही त्या दिवशी ओरडला नाही. टोपी झटकून खिशात घातली आणि निघून गेला.

आतल्या बायका त्याचं कौतुक करत होत्या. एक म्हणाली, छायाबाई, माणूस सुधारला तुमचा. आता घरी जा तुम्ही. सुंदरा मात्र छायाकडे बघत होती. छायाचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"काय व्हयनं वं?" सुंदराने विचारलं.

"त्यांना राग आवरता येतो," छाया म्हणाली.

"मंग चांगलंच शे ना."

"चांगलं कसं?" छाया म्हणाली. "त्यांना तो पहिल्यापासून आवरता येत होता."

सुंदराने हातातली साडी मांडीवर ठेवली. छायाला आतापर्यंतचा सगळा मार आठवत होता असं नाही. तिला एवढंच कळत होतं की इतकी वर्षं ती एका आजारी माणसाची काळजी घेत होती आणि तो आजारी नव्हता. रात्री ती जेवली नाही. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच ती मोठ्याने रडली, आणि सरलाबाईंनी कुणालाही तिला गप्प करू दिलं नाही.

चार दिवसांनी सकाळी ती आपण होऊन फाटकाशी गेली. आतल्या बाजूला ती, बाहेर श्रीरंग. त्याच्या गालावरची खूण पिवळी पडत आली होती.

"मी दुपारचं ओरडणं सोडलंय," श्रीरंग म्हणाला. "बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग चल घरी. पुन्हा हात लावणार नाही. आता मला राग आवरायला येतोय."

"धुडकूने मारलं तेव्हा कसा आवरला?"

"नोकरी आहे, छाया. त्याला हात लावला असता तर नोकरी गेली असती."

"आणि मला लावल्यावर काय गेलं असतं?"

श्रीरंगने उत्तर शोधलं. ते त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. तो खोटं बोलणार नव्हता, ड्यूटीवर होता.

"काही नाही," तो शेवटी म्हणाला.

"मी येणार नाही," छाया म्हणाली. "दिपालीला भेटायचं असेल तर सकाळी भेटा. दुपारी नको."

एवढं सांगून ती ओट्यावर गेली आणि अर्धी राहिलेली साडी पुढे ओढली.

पावसाळा संपता संपता सहा महिने भरत आले. सुंदराला मंडळाने जास्तीची मुदत दिली होती, तीही संपत होती. छाया आणि सुंदराने मिळून खोली बघायला सुरुवात केली. उधन्यात, लिंबायतला, कतारगामला. प्रत्येक घरमालक आधी विचारी, पुरुष कोण आहे. नाही म्हटलं की खोली कालच गेलेली असे. एकाने पुरुष नसला तरी चालेल असं सांगितलं, आणि ज्या तऱ्हेने सांगितलं त्यामुळे दोघी लगेच उठल्या. सरलाबाई पुन्हा वशीसाहेबांकडे गेल्या. सहा महिन्यांनंतर या बायका जातात कुठे, ते महापालिकेने एकदा बघावं, असं त्यांनी सांगितलं. बऱ्याच परत नवऱ्याकडेच जातात, दुसरी जागाच नसते म्हणून. मग फाटक, कडी, वॉचमन हे सगळं कशासाठी.

"रिकामी जागा असेल तर देता येईल, बेन," वशीसाहेब म्हणाले. "तसा ठराव आहे. पण रिकामी जागा कुठे आहे?"

त्याच सुमारास कर्मचाऱ्यांच्या खोल्यांची तपासणी निघाली. दर दोन-तीन वर्षांनी निघे. खोली कुटुंबवाल्यासाठी असते, एकट्याला मिळत नाही, आणि कुणी ती भाड्याने तर दिली नाही ना, एवढं बघायचं असे. वशीसाहेब स्वतः फिरत होते. कतारगामच्या खोलीला कुलूप दिसलं, म्हणून श्रीरंगला विचारायला ते सकाळी अकराच्या सुमारास फाटकावर आले. ओट्यावर छाया आणि सुंदरा लेस लावत होत्या. सगळं ऐकू येत होतं.

"ढगे, खोलीत कोण राहतं?"

"मी, साहेब."

"कुटुंब?"

गावी गेलंय, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. सगळे तेच म्हणत, आणि वशीसाहेब ते लिहूनही घेत. श्रीरंग थोडा वेळ बदामाच्या झाडाकडे बघत राहिला.

"माझ्या मागं आहे, साहेब," तो म्हणाला. "आत."

वशीसाहेबांनी ओट्याकडे पाहिलं. "परत येणार आहे का?"

"नाही. तसं सांगितलंय तिनं."

"मग खोली सोडावी लागेल, ढगे."

"हो, साहेब."

हे त्याने कशासाठी केलं, यावर आत दोन मतं पडली. सरलाबाईंच्या मते त्याला उपरती झाली होती. सुंदराच्या मते त्याला ड्यूटीवर खोटं बोलता येत नव्हतं आणि साहेब अकरा वाजता आले, तीन वाजता आले असते तर खोली गेली नसती. छायाने मत दिलं नाही. त्या दिवशी दोन वाजता श्रीरंग निघाला तेव्हा ती ओट्यावरून उठली नाही, पण तो कोपऱ्यावर वळेपर्यंत तिने सुईत दोरा घातला नाही.

खोली महापालिकेकडे परत आली आणि रिकामी जागा म्हणून मंडळाला देण्यात आली. सहा महिने संपलेल्या बायकांनी तिथे वर्षभर राहावं, कमवावं आणि मग आपली सोय बघावी, असं ठरलं. पहिल्या दोन बायका कोण, ते ठरवायला वेळ लागला नाही. अशा रीतीने छाया आपल्याच घरी राहायला गेली, पण आता त्या घरावर नाव मंडळाचं होतं आणि पुरुषांना उंबऱ्याच्या आत मनाई होती. शेजारच्या बाईने विचारलं की हे काय झालं. छायाने सांगितलं तेव्हा ती म्हणाली की आम्हाला भिंतीतून सगळं ऐकू यायचं. छायाने विचारलं, मग? शेजारीण म्हणाली, मग काय, घरचा मामला. त्यानंतर दोघींचं बोलणं पाण्यापुरतं राहिलं.

श्रीरंगने पांडेसऱ्यात लूमवाल्यांच्या खोलीत एक खाट धरली. दिवसा त्या खाटेवर दुसराच झोपे, म्हणून दुपारचा वेळ तो तलावाकाठी बसून काढी. त्याची बदली झाली नाही. त्याच्या कामाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. दिपाली आता कतारगामच्या शाळेत जात होती, पण सुटीच्या सकाळी कधी कधी सोनालीला घेऊन उधन्याला जाई आणि बाकावर त्याच्याशेजारी बसून येई. आली की छाया विचारत नसे आणि दिपाली सांगत नसे. एकदा मात्र तिने सांगितलं की पप्पा आता भाकरी थापायला शिकलेत, पण गोल होत नाही.

पुढचा पावसाळा लागल्यावर सरलाबाईंनी खोलीत तिसरी बाई पाठवली. तिचं नाव पार्वती, कामरेजच्या बाजूला बांधकामावर होती. तिने गाठोडं उतरवलं, पाणी प्यायली आणि सहा महिन्यांच्या गोष्टी सांगायला लागली. फाटकावर सकाळचा वॉचमन आहे, तो फार भला माणूस आहे, म्हणाली. तिचा नवरा कुऱ्हाड घेऊन आला होता, तेव्हा तो मध्ये उभा राहिला.

"असा माणूस जिला मिळाला," पार्वती म्हणाली, "त्या बाईचं नशीबच म्हणायचं."

सुंदराने पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे वळली. छाया साड्यांची चळत बांधत होती. तिने गाठ मारून पाहिली, ती सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा मारली.

"कुऱ्हाड लागली का त्यांना?" तिने विचारलं.

"नाही. हातातून काढून घेतली आणि नवऱ्याला पाणी पाजलं."

"बरं," छाया म्हणाली.

दुकान बंद व्हायच्या आत माल पोचवायचा होता. दोघींनी चळती डोक्यावर घेतल्या. निघताना छायाने पार्वतीला दाराजवळ बोलावलं आणि आतली कडी दाखवली. लाकूड फुगलंय, सरळ ओढली तर अडकते, ती म्हणाली. आधी दार खांद्याने रेटायचं, मग कडी थोडी वर उचलून सरकवायची. पार्वतीला पहिल्यांदा जमलं नाही. तिसऱ्यांदा जमलं. मग छाया आणि सुंदरा बाहेर थांबल्या, आतून कडी बसल्याचा आवाज ऐकला आणि रिक्षा बघायला रस्त्याकडे गेल्या.